मासोळीचा खडप

भाईंदर पश्चिमेच्या मासळी बाजारात पाली या कोळीगावच्या सत्यवतीकडे दोनच प्रकारची गिऱ्हाइकं येत. एक, ज्यांना तिची जीभ ठाऊक नव्हती. आणि दुसरी, ती जीभ ऐकल्याशिवाय ज्यांना मासा गोड लागत नसे. "मावशी, ताजी आहे ना?" असं कोणी विचारलं की ती पापलेटाचा कल्ला उघडून त्याच्या नाकाशी धरायची आणि म्हणायची, "तुज्यापेक्षा ताजी हाय." समोर हिंदी बोलणारा असला तर हेच हिंदीत. बायका हसायच्या, नवरे चिडायचे, टोपली रिकामी व्हायची.

नवरा राघो म्हणजे तांडेल, होडीचा म्होरक्या. माणूस चांगला, पण पाय कधी सरळ पडत नसत. संध्याकाळी किनाऱ्यावरून घरी येताना पालीची अरुंद गल्ली त्याला दोन्ही बाजूंनी लागे, आणि सत्यवती दारात उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा त्याचा उद्धार करी. एका वादळात होडी उलटली. दोघं पोहत आले, राघो आला नाही. त्याचा देहही कुठे लागला नाही. बाई पुढेही भांडत राहिली, पण गिऱ्हाइकांशीच. घरात भांडायला कोणी उरलं नव्हतं. मुलगा केतन मुळातच अबोल.

पालीच्या मागे टेकडी आहे. तिच्या निम्म्या चढावर एक खडप, म्हणजे काळा, सपाट, अंगणाएवढा कातळ आहे. आहे म्हणजे होता. सवय जात नाही. त्या खडपावर मासे कोरलेले होते. खालपासून वरपर्यंत, ओळीने. खालच्या ओळींतले मासे आखूड, जाडसर, शेपटीला नुसत्या दोन रेघा. ते कोणी कोरले हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर म्हातारी माणसं सांगत, पांडवांनी. आपल्याकडे ज्याचा बाप सापडत नाही ते पांडवांच्या नावावर खपतं.

वरच्या ओळींचं मात्र गावाला ठाऊक होतं, कारण ते मासे गावानेच कोरले होते. पालीच्या या घरांत एक रीत होती. दर्यात गेलेला माणूस परतला नाही आणि देहही मिळाला नाही, तर पुढच्या नारळी पुनवेपर्यंत वाट बघायची. पुनवेला त्याच्या बायकोने, नाहीतर आईने, टेकडी चढायची आणि खडपावर त्याचा मासा कोरायचा. माशाला डोळा हवाच, आणि तो उघडा हवा. त्या डोळ्यातून त्याला घर दिसतं, वाट सापडते, असं म्हणतात. ज्याचा देह मिळाला त्याचा मासा कोरत नाहीत. तो घरी आलेला असतो.

कोरून काम संपत नसे. दर पुनवेला ज्या-त्या घरच्या बाईने वर जायचं, खडप नारळाच्या पाण्याने धुवायचा आणि आपल्या माणसाच्या माशावरून छिन्नी फिरवायची. डोळ्यात माती-शेवाळ साचू द्यायचं नाही. याला उजाळणं म्हणत. आणि एक नियम होता: ज्यांची घरं आता कोणालाच आठवत नाहीत, त्या खालच्या ओळींना हात लावायचा नाही. ते मासे पाण्याने धुवायचे, हळदकुंकू वाहायचं, पण त्यांच्यावर छिन्नी चालवायची नाही.

राघोचा मासा कोरायला सत्यवती सासूबरोबर गेली. सासू अंबिका तेव्हा खूप थकली होती. पोटचा पोर गेलेला. पण छिन्नी तिनेच धरली आणि हातोडी सुनेच्या हातात दिली. सत्यवतीने पहिलाच घाव सासूच्या अंगठ्यावर घातला. म्हातारी म्हणाली, "मार, मार, मना न्हाय लागत." मासा झाला, पण वाकडा झाला. शेपटी एकीकडे, तोंड दुसरीकडे. खाली उभ्या असलेल्या बायकांतली सावित्री, चुलत जाऊ, बघून म्हणाली, "बरा झाला. राघो तरी सरल कवा चालला व्हता?"

सगळ्या बायका हसल्या. सत्यवतीही हसली, खूप हसली, आणि मग तिथेच खडपावर बसून तिने हंबरडा फोडला. तोवर ती रडली नव्हती.

अंबिका गेल्यावर छिन्नी सत्यवतीकडे आली. मग ज्या घरात असा प्रसंग येई त्या घरच्या बाईसाठी छिन्नी धरायचं काम तिचं. ती पोरीबाळींना सांगायची, घाव अंगठ्यावर आला तरी थांबायचं नाही. बाजारातली सत्यवती आणि खडपावरची सत्यवती या दोन बायका आहेत, असं गावात म्हणत. खरं तर बाई एकच होती. वर गेल्यावर तिच्याशी घासाघीस करायला कोणी नसे, इतकंच.

मग एके दिवशी टेकडीवर चुन्याच्या रेघा पडल्या. खडपाच्या कडेला लाल रंगात आकडे आले. केतन जेसल पार्कमध्ये एसी दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, चार लोकांत उठबस होती, त्याने चौकशी करून आणली. वर पाण्याची मोठी टाकी येणार, तिच्यापर्यंत रस्ता येणार, आणि रस्ता खडपावरून जाणार. गावातली माणसं अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना भेटायला गेली. जिथे गेली तिथे त्यांना चहा मिळाला आणि सांगण्यात आलं की टाकीचं पाणी तुम्हालाच मिळणार आहे. हे खोटंही नव्हतं. पालीच्या नळाला पाणी किती येतं ते पालीच्या बायकांनाच विचारावं. त्यामुळे निम्मं गाव गप्प बसलं, आणि त्यांना नावं ठेवायची माझी तरी छाती नाही.

सत्यवती गप्प बसली नाही. बाजारात येईल त्याच्यापुढे ती हेच काढून बसे. असंच एक गिऱ्हाईक म्हणजे शिवांगी, पश्चिमेलाच राहणारी, कॉलेजात इतिहास शिकवणारी. ती बोंबील घ्यायला आली आणि सत्यवतीने बोंबील साफ करता करता खडपाची कथा लावली. शिवांगी आधी "हो का, हो का" करत होती. खालच्या ओळींतल्या आखूड माशांचं वर्णन ऐकलं तशी ती बोलायची थांबली.

"मावशी, मला दाखवाल?"

भादवा सरत आला होता. गणपती बसल्यापासून पाऊस हटला नव्हता, त्यामुळे पुनवेला धुतलेला खडप पुन्हा शेवाळाने हिरवागार झाला होता. शिवांगीने खालच्या ओळीतल्या एका माशावरचं शेवाळ तळहाताने हलकेच बाजूला केलं, रेघेत बोट घातलं, आणि बराच वेळ ती तशीच उकिडवी बसून राहिली. फोनवर फोटो काढले. उठली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"मावशी, वरचे तुमचे आहेत, मान्य. पण हे खालचे फार जुने आहेत. किती जुने ते मी सांगू शकत नाही, पण कदाचित हजारो वर्षांपूर्वीचे. हे जर सिद्ध झालं ना, तर या खडपाला कोणी हात लावू शकणार नाही."

"म्हंजे राघोचा मासा बी ऱ्हाईल?"

"सगळाच खडप राहील."

सत्यवतीने त्या दिवशी बोंबलाचे पैसे घेतले नाहीत.

शिवांगीने पत्रं लिहिली, खेटे घातले, आणि दिवाळीनंतर पुरातत्त्व खात्यातले एक जाणते साहेब खडप बघायला येतील असं ठरवून आणलं. सत्यवतीला तिने फोन करून सांगितलं, साहेब येणार, त्यांच्या हातात सगळं आहे, गावाने हजर राहावं. खडपाला हात लावू नका, असं तिने सांगितलं नाही. तिला ते सुचलंच नाही. शिकलेल्या माणसाला काही गोष्टी सांगाव्या लागतात हे सुचत नाही, आणि आपल्याला त्या विचाराव्या लागतात हे सुचत नाही. मधल्या मधे काम तमाम होऊन जातं.

आता जरा समजून घ्या. दर्यावर जगणाऱ्या माणसावर मोठी वेळ आली की तो काय करतो? हंगामाच्या आधी होडी किनाऱ्यावर ओढतो, तिच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडतो, घासतो, फटी बुजवतो आणि नवा रंग देतो. मळक्या होडीने दर्यावर जाणं म्हणजे दर्याचा अपमान. साहेब येणार, खडपाचा निकाल लागणार, आणि खडप शेवाळाने बरबटलेला? सत्यवतीला ते सहन होणं शक्य नव्हतं. तिने बायका जमवल्या. केतनने होडीचं बूड घासायचा ग्रायंडर आणला, त्याला तारेचा ब्रश लावला. दीर नाथाने जनरेटर वर चढवला. कधी नव्हे तो गावाचा एक भाग एकजुटीने कामाला लागला होता. वर जेवणाचे डबे जात होते, खाली गाणी ऐकू येत होती. राघो गेल्यापासून सत्यवतीला इतकं सुख झालं नव्हतं, हे तिने मागाहून स्वतःच सांगितलं.

शेवाळ निघालं. शेवाळाखालचा काळपट थरही निघाला. खडप खालून निळसर-करडा, कोवळा दिसू लागला. मग बायकांनी आपापले मासे उजाळले. आणि खालच्या ओळी तशाच राहिल्या, पुसट, ग्रायंडरने आणखी पुसट झालेल्या.

सत्यवती त्यांच्यासमोर उभी राहिली. सासूचा नियम तिला चांगला आठवत होता. पण साहेब तर यांनाच बघायला येणार होते. दिसलेच नाहीत तर काय बघणार? आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली, जी सांगितल्याशिवाय तिचं काही कळणार नाही. तिला वाटलं, ही पण कोणाची तरी माणसंच. यांच्याही बायका इथे बसून रडल्या असतील. त्या बायकांचा वंश बुडाला म्हणून यांच्या डोळ्यांत माती राहावी?

"जुन्यांना नको गं लावू हात," सावित्री म्हणाली.

"सासूच्या टायमाला साहेब कनचा येत व्हता? बस गप," सत्यवती म्हणाली, आणि छिन्नी घेऊन खालच्या ओळीपाशी बसली. दोन दिवस ती उठली नाही. एकेक मासा तिने खोल, स्वच्छ, रेखीव काढला. हात आता बसलेला होता. एकही वाकडा झाला नाही. शेवटी होड्यांचा उरलेला पांढरा ऑइलपेंट आणून बायकांनी सगळ्या रेघांत भरला. खडप नव्या होडीसारखा झळकत होता. सत्यवतीने लांबून पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आता कोन बोलतो काय ते बघू."

साहेब आले. वयस्कर, सौम्य माणूस. चढ चढून दमले होते. वर रांगोळी होती, नारळ होते, नऊवारी नेसलेल्या बायका ओळीने उभ्या होत्या. शिवांगी त्यांच्या मागून येत होती. खडप दिसला आणि ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा सत्यवतीला दिसला, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. पोरीला एवढी अपेक्षा नसणार, असंच तिला वाटलं.

साहेब खाली बसले. भिंगाने खालच्या ओळीतला एक मासा बघितला, मग दुसरा, मग सरकत सरकत सगळी ओळ.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

सत्यवती पुढे झाली. "मी. सगला मीच केलाय."

"खालचे पण?"

"खालचे पन. दोन दिस बसलेलू. जुनाट झालेले, दिसत नव्हते."

साहेबांनी चष्मा काढला. तो माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. सत्यवतीला राग परतवता येत होता. त्याऐवजी ते तिच्याशी फार हळू बोलले.

"मावशी, ऊनपावसाने दगडावर एक काळपट थर चढतो. माणसाच्या कातडीसारखा. चढायला शेकडो, हजारो वर्षं लागतात. कोरलेल्या रेघेच्या आतही तो चढतो. रेघेत थर असला तर आम्ही म्हणू शकतो, रेघ जुनी आहे. इथे आता थर नाही. लोखंडी छिन्नीचे नवे घाव आहेत आणि रंग आहे. हे काल कोरलं, असं कोणी म्हणालं तर मी काय दाखवू?"

"पन मी सांगते ना. जुनाच हाय. गावाला इचारा."

"तुम्ही खरं बोलताय. मलाही वाटतंय, हे जुनं होतं."

"मंग तसा लिव्हा."

"मला वाटतं ते लिहून चालत नाही. दिसतं ते लिहावं लागतं."

शिवांगीने फोन पुढे केला. फोटोंत हिरवं शेवाळ होतं आणि त्यात बोटभर रेघ; थर काही दिसत नव्हता. साहेबांनी ते मोठे करून बघितले आणि फोन परत दिला. केतन मागे उभा होता. त्याला आधी कळलं. "आये," तो म्हणाला, "ग्रायंडर मी आनला." एवढं बोलून तो टेकडी उतरून गेला.

सत्यवतीला मग कळलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. त्या दिवशी ते हसण्यासारखं नव्हतं. ज्या हाताने तिने राघोसाठी वाट मोकळी ठेवली होती त्याच हाताने तिने ती बुजवली होती, आणि तीही जीव लावून, रेखीवपणे. ती ओरडली नाही की रडली नाही. तिने पदर खोचला आणि साहेबांना म्हणाली, "जेवून जा. सुरमई केली हाय." गावाने स्वयंपाक केलेला, नाही म्हणायची सोय नव्हती. साहेब खाली मान घालून जेवले. शिवांगी नुसती सुरमई चिवडत बसली, तेव्हा सत्यवतीने तिच्या ताटातला काटा काढून दिला.

"मी सांगायला हवं होतं, मावशी," शिवांगी म्हणाली.

"मी इचाराला पायजे व्हता," सत्यवती म्हणाली. दोघीही बरोबर होत्या, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

अहवाल आला. कोरीवकाम अलीकडचं दिसतं, त्याच्या प्राचीनतेचा पुरावा मिळाला नाही, असं त्यात होतं. गावात कोणी सत्यवतीला तोंडावर बोललं नाही. सावित्रीसुद्धा नाही, जिला बोलायचा हक्क होता. पाठीमागे मात्र बोलणं झालं असेल. तिच्या पाटीजवळ आली की बायकांची वाक्यं अर्धवट तुटायची. बाजारात ती पूर्वीसारखीच बसायची, पण भाव सांगून गप्प व्हायची. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "मावशी, तब्येत बरी नाही का?"

थंडीत मशीन आली. ठेकेदाराची माणसं वाईट नव्हती. त्यांनी बायकांना नारळ फोडू दिला, हळदकुंकू वाहू दिलं, तोवर मशीन बंद ठेवली. मशीन चालवणारा कुठल्या तरी लांबच्या मुलखातला. त्याने सत्यवतीला बाजूला घेऊन विचारलं, "अम्मा, आपका कौन सा है? पहले वो वाला टुकड़ा निकाल देता हूँ, घर ले जाओ."

सत्यवतीने राघोच्या माशाकडे बघितलं. वाकडा, तोंड एकीकडे, शेपटी दुसरीकडे. मागे सावित्री उभी होती, तिचा धाकटा भाऊ त्या खडपावर होता. आणखी बायका होत्या. खाली ज्यांचं कोणीच नव्हतं अशा माशांची ओळ होती, पांढऱ्या रंगात लखलखणारी.

"नई," ती म्हणाली. "एक को लेके जाएगी, तो बाकी का क्या?"

तिने तो तुकडा घेतला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. मला अजूनही वाटतं, घ्यायला हवा होता. पण ती सत्यवती होती. मशीनचा पहिला घण बसला तेव्हापासून ती शेवटपर्यंत उभी राहिली, आणि डंपर उतरणीला लागल्यावरच घरी गेली. तो दगड कुठल्या तरी भरावात गेला. कुठल्या, ते तिने विचारलं नाही. छिन्नी तिने घरामागच्या भंगारात टाकली.

रस्ता झाला, टाकी झाली, पालीच्या नळाला पाणी येऊ लागलं. आता खोटं कशाला बोला, चांगलं येतं.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागायच्या थोडं आधी, मितेश नावाचा तरुण खलाशी दर्यात पडला. शोधाशोध झाली, बोटी फिरल्या, देह मिळाला नाही. त्याची बायको हेमाली उत्तनमधून लग्न होऊन आलेली, अजून तिला गल्लीतली सगळी नावंही नीट येत नव्हती. तिने पुनवेपर्यंत वाट बघितली.

पुनवेला सकाळी ती सत्यवतीच्या दारात आली. काठाची साडी, ताटात नारळ, हळदकुंकू, आणि भाईंदरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली नवी छिन्नी, तिच्यावरचा कागदही अजून निघाला नव्हता. बरोबर कोणी नव्हतं. सासू अंथरुणाला खिळलेली. तिने सुनेला रीत सांगितली होती, पण खडपाचं काय झालं ते सांगायची तिला हिंमत झाली नसावी. पोरगी टेकडीवर जाऊन आली होती. तिला वर टाकी दिसली होती आणि गुळगुळीत रस्ता.

"मावशे, सासू बोलली, छिन्नी तू धरतस. वर मना खडप घावला न्हाय. कुठं कोराचा?"

सत्यवतीने तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. मग तिच्या समोर बसून सगळं सांगितलं. साहेब, थर, रंग, मशीन. काही लपवलं नाही, फक्त केतनचं नाव घेतलं नाही. "खडप न्हाय ऱ्हायला गं पोरी. मी घालवला."

हेमालीने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. तिला बहुतेक साहेबाचं आणि थराचं काही समजलंही नाही. तिने ताट मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

"बरा," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मंग तो घरी येल कसा?"